काचेच्या गोठ्यातला सुलतान

एकोणीस वर्षं मी कतारमध्ये गुरं जाड करायचं काम केलं. शिक्षणाने मी गुरांचा डॉक्टर, कार्डावर 'पशुधन आणि चारा सल्लागार' असं भारदस्त इंग्रजीत छापलेलं होतं, पण काम तेच. लग्नाकार्यात कोणी "तुम्ही गल्फला ऑइलमध्ये का?" असं विचारलं की मी "नाही, गवतात" म्हणायचो. समोरचा हसायचा, मी हसत नाही हे बघायचा आणि पाणी प्यायला उठायचा.

सांगलीच्या आत्याने मात्र पिच्छा सोडला नाही. एका सुट्टीत तिने मला जेवायला बसवून विचारलं, की तू तिकडे गाईंचं नेमकं करतोस काय. मी म्हटलं, वाढवतो. दुधासाठी का, असं तिने विचारलं. मी सांगितलं की दुधाचा विभाग वेगळा, माझा मांसाचा. भात वाढणारा तिचा हात थांबला.

"म्हणजे तू कापत नाहीस ना रे?"

"नाही आत्या. कापायचं खातं आणखी वेगळं."

आत्याने भात वाढला. त्या दिवसापासून ती सगळ्यांना 'आमचा सुधीर तिकडे खतात आहे' असं सांगू लागली. शेणाच्या अंगाने पाहिलं तर ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मी दुरुस्ती केली नाही. आणि आत्याला हसण्यात अर्थ नाही. आपण फक्त वाढवतो, पुढचं दुसरे बघतात, ही सोय तिच्या आधी मीच स्वतःसाठी शोधून काढली होती.

धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांसासाठी गुरं पाळणं म्हणजे गवताचं मांस करणं. त्याला कोवळं गवत लागतं, गोडं पाणी लागतं आणि जनावराच्या डोक्यावर सावली लागते. या तिन्ही गोष्टी जिथे नाहीत अशा देशात मला हे काम मिळालं, त्यामुळे नोकरीला धोका असा कधी नव्हता. स्थानिक शेतकऱ्यांना सल्ला देण्याचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. मी शेतावर जायचो, गवत बघायचो, विहिरीच्या पाण्यातला खारेपणा मोजायचो, गुरांच्या बरगड्यांवरून हात फिरवायचो आणि अहवाल लिहायचो. अहवाल लुसैलच्या एका टॉवरमध्ये जायचा. तिथून समुद्र दिसायचा, ट्राम दिसायची, गाय दिसण्याची शक्यता नव्हती.

स्थानिक शेतकरी म्हटल्यावर मी जरा रापलेला, चिखलात पाय असलेला माणूस मनात धरून गेलो होतो. मला भेटले बू नासर. बू नासर म्हणजे नासरचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, लुसैलला राहणारे, गुरुवारी संध्याकाळी पांढरीशुभ्र गाडी घेऊन अल खोरच्या पुढे असलेल्या आपल्या शेतावर येणारे. माणूस दिलदार. वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे अरबी मिसळलेलं हिंदी ते छान बोलायचे. पहिल्या भेटीत मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या दालनात, त्यांनी मला कहवा दिला, खजूर दिला, जेवण दिलं, परत कहवा दिला. गोठा मजलिसपासून शंभर पावलांवर होता. तिथे पोहोचायला मला तीन तास लागले.

गोठ्यात पंचवीस-तीस गुरं होती, आणि सगळी अशी, की मुंबईहून पाहुणा आला तर रस्त्यावर हिंडणारी म्हणून ओळखीची वाटावीत. बरगड्या दिसत होत्या. समोर गव्हाणीत हिरवंगार गवत पडलेलं आणि एकही जनावर त्याला तोंड लावत नव्हतं.

कारण सोपं होतं. तिकडे ऱ्होड्स नावाचं गवत लावतात. गवताचं भेंडीसारखं असतं. कोवळं असताना तोडलं तर जेवण, जून झालं तर दोरखंड. बू नासरना ते कमरेइतकं वाढलेलं आवडायचं. मजलिसच्या खिडकीतून वाऱ्यावर डुलणारं गवत पाहुण्यांना दाखवायचं, म्हणजे शुक्रवारच्या आत कापायचं नाही, आणि पुढच्या शुक्रवारी दुसरे पाहुणे यायचे. पाणी फवाऱ्याने आणि भर दुपारी, कारण तेव्हा फवाऱ्यात इंद्रधनुष्य दिसतं. निम्मं पाणी हवेत जायचं आणि त्यातलं मीठ जमिनीवर राहायचं. विहीर दर वर्षी जास्त खारट होत होती. मी हे सगळं नम्रपणे समजावलं. बू नासरनी मान डोलावून ऐकलं आणि म्हणाले, "इन्शाल्ला." सुरुवातीची दोन वर्षं मी या शब्दाला होकार समजत असे.

दत्ता कदम मला तिथेच भेटला, पण माणूस म्हणून आधी नाही. आधी नुसता टँकरचा ड्रायव्हर म्हणून दिसला. शेतावरच्या गुरांना प्यायचं गोडं पाणी टँकरने यायचं आणि तो टँकर हा चालवायचा. चाळिशीचा, किडकिडीत, डोक्याला उपरणं गुंडाळलेला. एकदा खारेपणा मोजायचं माझं यंत्र अडलं आणि मी त्याला शुद्ध सांगली जिल्ह्यात शिव्या घातल्या. मागून आवाज आला, "डॉक्टरसायब, बॅटरी उलटी घातलीय बगा."

तो परभणीकडचा, जिंतूरच्या बाजूचा. आधी बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत आठ जणांच्या खोलीत होता, मग बू नासरकडे लागला. घरी वडिलांच्या पाठोपाठ त्याने लाल कंधारी बैल सांभाळले होते. गुरांचं बोलायला लागला की त्याचा हात आपोआप हवेत कुठल्यातरी पाठीवरून फिरायचा. मी त्याला दत्ताराव म्हणायला लागलो, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या शेतावरच्या माझ्या भेटी वाढल्या. कंपनीत याची नोंद 'सखोल पाठपुरावा' अशी झाली.

त्यानेच सुचवलं की मालकाला न दिसणाऱ्या बाजूला, मागच्या भिंतीकडे, गवताचा एक तुकडा आपण वेळेवर कापू. मी त्या तुकड्याला पहाटे पाणी द्यायला सांगितलं. जिथे विहिरीचं पाणी अगदीच खारं होतं तिथे खारं पाणी सोसणारं दुसरं गवत लावलं. कापलेलं जास्तीचं गवत खड्ड्यात दाबून, वरून प्लास्टिक टाकून मुरघास केला. म्हणजे चाऱ्याचं लोणचंच. हवा लागू दिली नाही की ते आंबतं आणि महिनोन् महिने टिकतं. सहा गोऱ्हे आम्ही त्या चाऱ्यावर ठेवले. हे सगळं एका माणसाच्या स्वतःच्या शेतात, त्याच्याच फायद्यासाठी, त्याच्यापासून लपवून. तीन महिन्यांत ते सहा गोऱ्हे बाकीच्यांच्या शेजारी उभे केले की वेगळ्या जातीचे वाटायचे.

लपलं किती दिवस? मुरघासाच्या वासाने बू नासर एका गुरुवारी खड्ड्यापर्यंत आले. चिमूटभर उचलून त्यांनी नाकाशी धरला आणि काळजीने मला विचारलं की याने जनावरांना नशा तर नाही ना येत. मी सांगितलं, हा आंबटपणा ताकासारखा आहे, दारूसारखा नाही. ते बराच वेळ गोऱ्ह्यांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, ठीक आहे, मागे तुम्हाला हवं ते करा, खिडकीसमोरच्या गवताला हात लावू नका. एकोणीस वर्षांत चारा सुधारणेबाबत मी मिळवलेला हा सर्वात मोठा करार.

यश आलं की माणसाच्या डोक्यात कल्पना येतात. बू नासर त्या वर्षी युरोपात एका पशुप्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी एक वळू पाहिला. पांढरा, चौकोनी, कपाटाएवढा. थंड देशातली ती मांसाची जात. जगात नाव आहे, आणि योग्यच आहे, पण ते जगातल्या थंड भागात. त्यांनी मला फोटो पाठवले. मी अहवाल लिहिला की हे जनावर इथल्या उन्हाळ्यात टिकणार नाही, आणू नये. वाटलं तर त्या जातीचं गोठवलेलं वीर्य आणा आणि आपल्या काटक गाईंवर वापरा. आमच्या मॅनेजरनी माझं 'आणू नये' खोडलं आणि 'योग्य व्यवस्थापनाखाली आणता येईल' असं घातलं. हे योग्य व्यवस्थापन मी उभ्या नोकरीत कुठल्याही शेतावर पाहिलं नव्हतं, त्यांनी तर शेतच पाहिलं नव्हतं. पण कंत्राट नव्याने व्हायचं होतं, माझी मुलगी दहावीला होती, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागातला आमचा फ्लॅट कंपनीचा होता. मी सही केली.

मार्चमध्ये वळू विमानाने आला. नाव सुलतान. शेतावर मांडव पडला, पाहुणे आले, फोटो निघाले. दत्ताने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सायब, याला वशिंडच नाही. केस बगा केवढाले. हे स्वेटर घालून आलंय."

योग्य व्यवस्थापन म्हणून सुलतानसाठी मजलिसच्या समोर काचेचा गोठा बांधला गेला. तीन बाजूंनी बाहेरून आणलेली जाड काच, आत एसी, खाली चकचकीत फरशी, आत जायला आपोआप सरकणारा दरवाजा. बू नासर कहवा पिताना वळू बघायचे आणि वळू त्यांना बघायचा. फरशीवरून तो दोनदा घसरला, तेव्हा मी रबरी गालिचे टाकायला लावले. गाईंमध्ये त्याला अजिबात रस नव्हता. दिवसभर गारव्यात उभं राहून तो एखाद्या मोठ्या साहेबासारखा काचेतून बाहेर काम करणाऱ्यांकडे पाहत असे. मी दोन गोष्टी लेखी सुचवल्या: मागची एक बाजू काचेऐवजी उघडता येणारी ठेवा, आणि दाराची हाताने उघडायची किल्ली शेतावर असू द्या. पहिलीने शोभा जात होती. दुसरीवर बू नासर म्हणाले की किल्ली मी माझ्याकडेच ठेवतो, कामगारांचा काय भरवसा.

जुलैत ते कुटुंबासह जिनिव्हाला गेले. किल्ली त्यांच्या गाडीच्या जुडग्यात होती, म्हणजे तीही जिनिव्हाला गेली.

तो शुक्रवार होता. बायकोने थालीपीठ लावलं होतं, दुपारचा एक वाजत होता, बाहेर असं ऊन की गाडीच्या दाराला हात लावायची हिंमत होऊ नये. दत्ताचा फोन आला. शेताची वीज गेली होती. जनरेटर होता, आणि त्याने आपलं कर्तव्य चोख बजावलं होतं: रिकाम्या मजलिसमधले चारही एसी सुरू केले होते. काचेच्या गोठ्याची तार त्याच्यावर जोडायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते सुचवणं माझं काम होतं, तेव्हा हे 'कोणाला' म्हणजे मला. सरकता दरवाजा बंद स्थितीत अडकला होता. तीन बाजूंनी काच, वरून जुलैचा सूर्य आणि आत सुलतान.

दत्ता म्हणाला, "बैल मरायलाय, सायब. जीभ बाहेर आलीय, लाळेच्या तारा लागल्यात. काच फोडू का?"

हे वाक्य मला आजही त्याच आवाजात ऐकू येतं. उत्तर द्यायला पशुवैद्यकाची पदवी लागत नव्हती. मी म्हटलं, मालकांना विचारलंत का. तो म्हणाला, पाच वेळा लावला, उचलत नाहीत. मी म्हटलं, थांबा, मी लावतो, मी निघतोच आहे, तोवर काही करू नका. माझ्या डोळ्यांपुढे ती बाहेरून आणलेली काच होती आणि माझी सही असलेला अहवाल होता. बैल तिसऱ्या नंबरवर होता.

मी गाडीतून बू नासरना फोन लावत राहिलो. घंटा वाजत राहिली. अल खोरपर्यंत पोहोचायला मला तासाभराच्या वर लागलं.

पोहोचलो तेव्हा काचेची एक बाजू नव्हती. खाली साखरेच्या खड्यांसारखा ढीग पडला होता आणि टँकर गोठ्याला पाठ करून उभा होता. दत्ताने फोन ठेवल्यावर मोजून तेवढा वेळ घेतला होता, जेवढा चाकाचा पाना काढायला लागतो. ड्रायव्हर असल्यामुळे त्याला माहीत होतं की अशी काच मधोमध मारली तर फुटत नाही, कोपऱ्यात मारली तर एका फटक्यात चुरा होते. आत जाऊन त्याने आधी पाणी मारलं नाही. पाइपातलं पाणी उन्हाने उकळतं झालेलं असतं, ते त्याने वाळूत सोडून दिलं. मग टँकरमधलं, सकाळीच भरून सावलीत ठेवलेलं पाणी पायांपासून सुरू करून वर पोटापर्यंत, मग पाठीवर. मजलिसमधून लांब वायर ओढून तिथला उभा पंखा आणला आणि ओल्या अंगावर वारा लावला. मी कॉलेजात उष्माघातावर उपचार शिकलो त्यात याच्यापेक्षा काहीही जास्त नव्हतं. पाइपाचं तर नव्हतंच.

सुलतान बसलेला होता, पण डोकं वर होतं. धाप चालू होती, जीभ मात्र आत गेली होती. मी ताप पाहिला. भरपूर होता आणि उतरत होता. मी सलाइन लावलं, कारण डॉक्टरने आल्यावर काहीतरी लावायला हवं. दत्ता बाटली धरून उभा होता. काच फोडताना त्याच्या तळहाताला चांगलंच कापलं होतं आणि उपरण्याची पट्टी बांधलेली होती. मी विचारलं, लागलं का. तो म्हणाला, काही नाही.

तीन वाजता बू नासरचा व्हिडिओ कॉल आला. मागे तळं दिसत होतं, अंगात स्वेटर होता. मी फोन फिरवून त्यांना वळू दाखवला, मग काचेचा ढीग दिसला. काच कोणी फोडली, त्यांनी विचारलं. मी घसा साफ करून सांगायला सुरुवात केली की एकंदर परिस्थिती लक्षात घेता आणि उपलब्ध पर्यायांचा विचार करता. तेवढ्यात दत्ता फोनसमोर आला आणि हिंदीत म्हणाला, "मी फोडली."

"डॉक्टरने सांगितलं?"

तिथे चार सेकंद गेले असतील. दत्ताला हो म्हणता आलं असतं. ड्रायव्हर माणूस, देशात राहायचा परवाना मालकाच्या हातात, मालकाची एवढी काच फुटलेली. हो म्हटलं असतं तर सगळं माझ्यावर आलं असतं आणि ते न्यायालाही धरून झालं असतं. किंवा मलाच 'हो, मी सांगितलं' असं म्हणता आलं असतं. मी सुलतानकडे बघत राहिलो.

दत्ता म्हणाला, "डॉक्टर बोले थे, रुको."

बू नासरनी 'शुक्रन' म्हणत दत्ताचे आभार मानले, हात दाखव म्हणाले, तो बघून आजच दवाखान्यात जायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून अगदी सौजन्याने म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला थांबायला फार छान जमतं."

आयुष्यात मला मिळालेला हा सर्वात नेमका शेरा. वार्षिक मूल्यमापनात तो कुठे आला नाही.

जिनिव्हाहून परत आल्यावर बू नासरनी काचेचा गोठा पाडला. उरलेल्या काचा त्यांनी मजलिसला लावल्या. सुलतानसाठी उंच छताचा, चारी बाजूंनी मोकळा मांडव झाला, मोठे पंखे आले, फवारा आता गवतावरून काढून त्याच्या अंगावर आला. टँकरवर दुसरा माणूस ठेवला आणि गुरं दत्ताच्या ताब्यात दिली. उन्हात तापलेला वळू काही महिने नामर्द असतो, हे मी अहवालात लिहिलं. दत्ताने ते आधीच सांगून ठेवलं होतं, जरा कमी सभ्य शब्दांत. हिवाळ्यात सुलतान कामाला लागला. आखूड केसांच्या, काटक गाई तेवढ्या त्याला दाखवायच्या, हे दत्ताने ठरवलं. मी आकडेवारीच्या आधारे दुसऱ्या काही गाई सुचवल्या होत्या. त्यांची वासरं केसाळ निघाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात धापा टाकू लागली. दत्ताची वासरं बापाच्या अंगाची आणि आईच्या कातडीची झाली.

एक गोष्ट दत्ताने शेवटपर्यंत केली नाही. तयार झालेले बैल न्यायला गाडी यायची, त्या दिवशी तो जुन्या टँकरची चावी मागून घ्यायचा आणि पाणी आणायला निघून जायचा. मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, पाणी लागतंच की. त्या दिवशी माझीही लुसैलला मीटिंग असायची. ती मीच ठेवलेली असायची.

त्या वासरांबद्दल बू नासरना एका समारंभात ढाल मिळाली. हॉटेल पंचतारांकित, गाय फक्त पडद्यावर. सादरीकरण मी केलं. स्लाइड बत्तीस होत्या. त्यातल्या सत्ताविसावीत दत्ता कासरा धरून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'प्रशिक्षित कामगार'. कोणी प्रशिक्षित केला ते लिहिलं नव्हतं, पण बोलणारा मी होतो, त्यामुळे लोकांनी टाळ्या माझ्याकडे बघून वाजवल्या. घरी आल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, डिड यू टेल देम अबाउट द ग्लास?" मी म्हटलं, वेळ नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत मी निवृत्त झालो. शेवटची फेरी म्हणून शेतावर गेलो. बू नासर आता थकलेत. कहवा आला, पण जेवणाच्या वेळी त्यांचा डोळा लागला. शेत हळूहळू नासरच्या हातात जातंय आणि नासरला गोठ्याच्या जागी पॅडल नावाच्या टेनिससारख्या खेळाचं कोर्ट करायचं आहे. दत्ता मला मागच्या भिंतीपर्यंत घेऊन गेला आणि अवघडून म्हणाला की एक कागद लिहून द्या. दक्षिणेकडच्या एका मोठ्या शेतावर गुरांच्या मुकादमाची जागा होती. ते घ्यायला तयार होते, पण कागदोपत्री हा अजून ड्रायव्हर. हुद्दा बदलायचा तर गुरांचं काम येतं असा कोणा पदवीधराचा दाखला सरकारी कचेरीत लागणार होता. इतकी वर्षं गुरं सांभाळून त्याच्याकडे गुरांचा एकही कागद नव्हता. माझ्याकडे फायलीच्या फायली होत्या.

मी गाडीच्या बॉनेटवर लेटरहेड ठेवून लिहायला बसलो. इंग्रजी हाताला सवयीचं होतं, सरसर आलं. लिहून झाल्यावर दत्ता म्हणाला, मराठीत वाचून दाखवा. मी वाचलं: श्री. दत्ता कदम यांनी माझ्या मार्गदर्शनाखाली आणि देखरेखीखाली आठ वर्षं.

"मार्गदर्शनाखाली?" तो म्हणाला.

मी म्हटलं, तशी लिहायची पद्धत असते.

तो तळहाताकडे बघत होता. जुनी खूण आहे तिथे, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. मग अगदी शांतपणे म्हणाला, "ते तेवढं काढा, सायब."

मी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की या माणसाला गुरं कळतात, चारा कळतो, उष्णतेने मरायला टेकलेलं जनावर त्याने कोणाच्याही सूचनेशिवाय, किंबहुना सूचना मोडून, वाचवलं आहे, आणि त्याच्याकडून मी बरंच शिकलो. सगळ्या नोकरीत मी लिहिलेला हा एकच अहवाल, ज्यातला शब्द अन् शब्द खरा होता. दत्ताने तो घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि पहिल्यांदाच माझा हात धरून ठेवला. परतताना अल खोरचा रस्ता लागेपर्यंत मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

मी पुण्याला आल्यावर महिन्याभराने त्याचा फोन आला. आधी त्याने तब्येत विचारली, मग सुलतानच्या नातवंडांचं सांगितलं. मग म्हणाला की दाखला परत आला. कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसाचं म्हणणं असं पडलं, की कोणाच्या देखरेखीखाली काम शिकला ते यात लिहिलेलं नाही, आणि सूचना मोडल्या असं लिहिलंय ते तर फारच वाईट दिसतं. असा कागद चालत नाही.

मी म्हटलं, मग काय करायचं, दत्ताराव.

"पहिल्यासारखाच द्या की," तो म्हणाला. त्याचा आवाज हसरा होता, चिडलेला अजिबात नव्हता. "ते मार्गदर्शन परत घाला. काम व्हायला पायजे."

मी घातलं. मार्गदर्शन घातलं, देखरेख घातली, खाली पदवीसकट सही केली आणि पाठवून दिला. तो दाखला एका दिवसात मंजूर झाला. दत्ता कदम आता साडेतीनशे गुरांचा मुकादम आहे, आणि त्याला जनावरं कोणी शिकवली हे कतारच्या दप्तरात शिक्क्यासहित नोंदलेलं आहे. मी शिकवली.